मारेकचा गंजीफ्रॉक

वॉर्टन हे गाव कॉव्हेंट्रीपासून अर्ध्या तासावर आहे. तिथे बघण्यासारखं काही नाही आणि जे आहे ते बघायला कोणी जात नाही. बंद पडलेली एक सायकलची फॅक्टरी, एक चर्च, आणि रिंगरोडच्या कडेला पत्र्याचं एक अवाढव्य शेड, ज्यात बाराही महिने बर्फ गोठवून ठेवतात. त्या बर्फावर वॉर्टन ऑटर्स नावाची टीम दर रविवारी आइस हॉकी खेळायची. लीग दुसऱ्या फळीची, पगार तुटपुंजे, दात मात्र खरोखरचे पडायचे. दोन हजार पाच-सहाच्या सीझनमध्ये या टीमचं जे वाटोळं झालं, त्याला सगळ्या गावाच्या मते एकच बाई जबाबदार होती. ती म्हणजे डॉक्टर कमलाकर बापटांची बायको, मूळची मिरजेची, वीणा.

आता या बाईचा आणि बर्फाचा संबंध काय, असं कोणीही विचारेल. संबंध नवऱ्यामुळे. कमलाकर हाडांच्या वॉर्डात वीस वर्षं घासूनही कन्सल्टंट झाले नव्हते. त्यांच्या हाताखाली शिकलेली पोरं कन्सल्टंट होऊन त्यांनाच रजेचे अर्ज मागायची. ऑटर्सना मात्र मॅचच्या वेळी बाकावर बसायला एक डॉक्टर हवा होता, तोही फुकटात. कमलाकरांनी एकदा हो म्हटलं आणि क्लबने त्यांना पाठीवर 'डॉक' लिहिलेलं हिरवं जॅकेट दिलं. ते जॅकेट घालून ते भाजी आणायलासुद्धा जात. माणसाला मान कुठे मिळेल सांगता येत नाही, आणि मिळाला की त्यासाठी तो काय करेल तेही सांगता येत नाही.

त्या सप्टेंबरात क्लबने स्लोव्हाकियाहून मारेक नावाचा एक पंचविशीतला फॉरवर्ड आणला आणि त्याला ठेवायला कोणाकडे खोली आहे का म्हणून विचारलं. बापटांचा मुलगा अनय लंडनला नोकरीला गेल्यापासून त्याची खोली रिकामी होती. अनय रविवारी फोन करायचा, तोही टीव्ही चालू ठेवून. कमलाकरांनी घरी न विचारताच होकार देऊन टाकला.

वीणाला आधी राग आला. मग मारेक आला, आणि पहिल्याच दिवशी त्याने आमटीचे तीन वाडगे ओरपून वाडगा स्वतः विसळून ठेवला. अनयने पंचवीस वर्षांत कधी विसळला नव्हता. राग तिथेच संपला. महिन्याभरात तो तिला 'काकू' म्हणायला लागला, वांग्याला हात लावेना, आणि झोपताना हळदीचं दूध मागून घ्यायला लागला. ती 'जेवून घे' म्हणाली की तो 'जेवून घेतो' असं इतक्या शहाण्यासारखं म्हणायचा, की ते ऐकायला ती त्याला पोट भरलेलं असतानाही जेवायला बोलवायची.

ती रिंकवर जायला लागली. आधी त्याच्यासाठी, मग स्वतःसाठी. मॅचच्या मधल्या वेळात तिथे एक खेळ असायचा. नंबर घातलेल्या स्पंजच्या चकत्या लोकांनी विकत घ्यायच्या आणि सगळ्यांनी मिळून बर्फाच्या मध्यावर भिरकवायच्या. ज्याची चकती मधल्या ठिपक्याच्या सर्वांत जवळ, त्याला बक्षीस. समर्थक मंडळाच्या सेक्रेटरी जॅनेटने चकत्यांची बादली वीणाच्या हातात दिली. ती बादली घेऊन वीणा रांगारांगांतून फिरायची आणि लोक तिला नावाने हाक मारायचे. इतकी वर्षं ज्या देशात ती 'डॉक्टरांची मिसेस' होती, तिथे आता पेट्रोल पंपावरचा माणूससुद्धा विचारायचा, "काय वीणा, आपला पोरगा उद्या किती मारणार?" आपला पोरगा. हे दोन शब्द ती घरी येईपर्यंत मनात घोळवायची.

आणि पोरगा मारत होता. ऑक्टोबरपासून एक मॅच कोरडी गेली नव्हती. नाताळात ऑटर्स लीगमध्ये वरून दुसरे होते, हे त्या गावाच्या आयुष्यात प्रथमच घडत होतं.

या यशाचं कारण सगळ्या टीमला ठाऊक होतं: मारेकचा राखाडी, लांब बाह्यांचा गंजीफ्रॉक. पहिला गोल झाला तेव्हा तो अंगात होता, आणि त्या दिवसापासून त्याने तो धुतला नव्हता. हॉकीवाल्यांत हे असं चालतंच. कोणी दाढी करत नाही, कोणी मोजे बदलत नाही, आणि जिंकताहेत तोवर त्यांना कोणी हटकत नाही. तो गंजीफ्रॉक बापटांच्या गॅरेजमध्ये खिळ्याला लटकलेला असायचा. जानेवारीपर्यंत तो स्वतःच्या पायावर उभा राहील अशा अवस्थेला आला होता, आणि त्याचा वास गॅरेजच्या दारातून स्वयंपाकघरात, तिथून बैठकीत येऊन बसायला लागला होता.

जानेवारीतल्या एका रविवारी घरच्या मॅचमध्ये एका आडदांड डिफेंडरने मारेकला कडेच्या फळ्यांवर आपटलं. तो हात पोटाशी धरून बर्फावर गोळा होऊन पडला. वीणा बादली टाकून उभी राहिली. कमलाकर बर्फावर घसरत घसरत गेले, त्याला उठवून आत घेऊन गेले, आणि घरी आल्यावर म्हणाले, "काही नाही, स्प्रेन आहे. दोन दिवसांत बरा होईल."

ती संक्रांतीची धामधूम होती. शनिवारी हळदीकुंकवाला कॉव्हेंट्रीच्या बायका यायच्या होत्या. वैजयंती यायची होती, जिला वासाची उलटी येते. श्यामला यायची होती, जी कमलाकरांच्याच हॉस्पिटलात एक्स-रे काढते आणि जिथे जाईल तिथे पडद्यामागे काय आहे ते बघते. शुक्रवारी वीणाने घर घासून काढलं. तिळाच्या वड्या थापल्या, वाणाला स्टीलच्या डब्या मांडल्या, आणि तरी तो वास जाईना. शेवटी तिने नाकाला पदर लावून गंजीफ्रॉक खिळ्यावरून काढला आणि मशीनमध्ये घातला. साठ डिग्रीवर, दोनदा. लॅव्हेंडरच्या वासाचं ते पाणीही घातलं. इस्त्री केली, घडी केली, आणि त्याच्या पलंगावर ठेवून वर तिळगुळाची पुडी ठेवली. आपण लेकरासाठी काहीतरी छान केलं, असं तिला मनापासून वाटत होतं.

शनिवारी सकाळी बाहेरगावच्या मॅचसाठी बॅग भरताना मारेकला धुतलेला गंजीफ्रॉक दिसला. तो जिन्याच्या पायरीवर येऊन बसला. घडी मांडीवर. मग एवढंच म्हणाला, "काकू, तू हे काय केलंस?"

त्या मॅचला ऑटर्स सपाटून हरले. मारेकला साधा पासही धड देता आला नाही. पुढच्या रविवारीही तेच. त्याच्या पुढच्याही. जो पोरगा डोळे मिटून गोल मारायचा, त्याच्या काठीला हॉकीची चकती लागेना.

बातमी टीमच्या बसमधून गावात यायला कितीसा वेळ लागतो? पहिल्या आठवड्यात लोक हसले. दुसऱ्या आठवड्यात तिच्या खुर्चीवर वॉशिंग पावडरचा खोका ठेवलेला होता. तिसऱ्या आठवड्यात गोलमागच्या स्टँडमधून पोरांनी धुतलेले मोजे बर्फावर फेकले आणि तिच्याकडे बोट दाखवून गाणं म्हटलं. चौथ्या आठवड्यात जॅनेटने चकत्यांची बादली तिच्या हातातून काढून घेतली. काढतानाही गोड बोलून: "तो परत गोल मारायला लागेपर्यंत जरा राहू दे हं, लव्ह. लोक घेईनासे झालेत तुझ्या हातून." इंग्रज माणूस तुमच्या पायाखालची सतरंजी ओढतो तेव्हाही 'सॉरी' म्हणून ओढतो.

घरी मारेक टेबलावर जेवेनासा झाला. ताट घेऊन वर जायचा. हळदीचं दूध जिन्यावर ठेवलं तर साय धरेपर्यंत तिथेच राहायचं.

"अहो, खरंच माझ्यामुळे झालं असेल का हो?" तिने कमलाकरांना विचारलं.

त्यांनी पेपरातून डोकं वर काढलं नाही. "खेळाडूंच्या श्रद्धा असतात, वीणा. कॉन्फिडन्सचा प्रश्न असतो. तू हात लावायला नको होतास, दॅट्स ऑल."

वीणा केमिस्ट्रीची बी.एस्सी. होती. साबणाने मळ जातो, नशीब जात नाही, हे तिला कळत होतं. पण सगळं गाव एक गोष्ट म्हणायला लागलं की शिकलेल्या माणसाचाही पाय घसरतो. तिने संकष्ट्या धरल्या. गणपतीला एकवीस मोदक बोलली. आणि फेब्रुवारीतल्या एका सकाळी, घरात कोणी नाही असं बघून, तिने तो गंजीफ्रॉक स्वतःच्या अंगात चढवला आणि गॅरेजमधल्या कमलाकरांच्या ट्रेडमिलवर चालायला लागली. घाम मुरवायला. चौपन्न वर्षांची, गुडघे दुखणारी बाई, सलवारवर परक्या पोराचा गंजीफ्रॉक घालून, 'गजानना, माझ्या हातून झालेली चूक पदरात घे' म्हणत धापा टाकत चालत होती. मध्येच दार वाजल्यासारखं झालं. तिने वळून पाहिलं तर कमलाकर दारात उभे होते. विसरलेली किल्ली न्यायला आले होते. त्यांनी तिला पाहिलं, किल्ली घेतली आणि गेले. संध्याकाळी त्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. तिला वाटलं, हा त्यांचा चांगुलपणा.

सीझन संपला तेव्हा ऑटर्स तळाशी होते.

मार्चच्या शेवटी श्यामलाचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती म्हणाली, "आणि तुझ्या त्या पोराचं प्लास्टर निघालं का गं? ते हाड फार चिवट असतं, लवकर जुळत नाही."

"कसलं प्लास्टर?"

"अगं, मनगटाचं. मीच नाही का एक्स-रे काढला? संक्रांतीच्या आधी, सोमवारी. कमलाकरांनीच आणलं होतं त्याला, लंच टाइममध्ये, गुपचूप. स्वच्छ फ्रॅक्चर दिसत होतं. मी हळदीकुंकवाला विचारणारच होते, पण एवढ्या बायकांत कुठे विचारू."

संक्रांतीच्या आधी. सोमवारी. गंजीफ्रॉक धुतला शुक्रवारी. वीणाने फोन ठेवला.

कमलाकर घरी आल्यावर तिने सरळ विचारलं. त्यांनी नाकारलं नाही. नाकारायची गरज वाटावी इतकीही किंमत त्यांनी तिला दिली नाही. मनगटातलं काजूएवढं हाड मोडलं होतं. प्लास्टर घातलं असतं तर सीझन गेला असता, म्हणून प्रत्येक मॅचआधी ते गॅरेजमध्ये त्याचं मनगट इंजेक्शनने बधिर करत होते. कोच बॅरीला माहीत होतं. सगळ्यांचं ठरलंच होतं.

"मग मला का नाही सांगितलं? गाव माझ्यावर थुंकत होतं."

"तुला सांगून काय फायदा होता? उलट तुझं ते धुण्याचं प्रकरण बरंच पडलं. हे बघ, नशीब फिरलं म्हणून फॉर्म गेला, तर त्या प्लेअरला मार्केट असतं. मनगट गेलं म्हटलं तर कोण घेतो? मोठ्या लीगमधल्या क्लबचा मॅनेजर आहे, नील. त्याला मारेक हवाय. आपल्या क्लबच्या सीझनअखेरच्या डिनरला येतोय काँट्रॅक्ट घेऊन. त्या क्लबला मेडिकल ॲडव्हायझरही हवाय, आणि बॅरीने माझं नाव टाकलंय. तेव्हा तू आता एक महिना गप्प बस. इतके दिवस बसलीस तशी."

तिला एकच गोष्ट विचारायची उरली होती. "मारेकला माहीत होतं? हाड मोडलंय, गंजीफ्रॉकचा काही संबंध नाही, हे?"

कमलाकर हसले. "हात त्याचा आहे, वीणा. त्याला माहीत नसेल?"

नवऱ्याचं तिला फारसं लागलं नाही. तिशी उलटल्यापासून तिने त्यांच्याकडून काही मागितलं नव्हतं. पण जिन्यावर बसून 'काकू, तू हे काय केलंस' म्हणणारा तो चेहरा तिच्या डोळ्यांसमोरून जाईना. सहा दिवस आधी मोडलेला हात मांडीवरच्या घडीखाली ठेवून त्याने ते वाक्य म्हटलं होतं.

तरीही ती गप्प बसली. नवऱ्याची सनद जाईल, पोराची रोजीरोटी जाईल, असा हिशेब तिने स्वतःला समजावला. बायकांना हे लहानपणापासून शिकवलेलंच असतं.

डिनर एका हॉटेलच्या हॉलमध्ये होतं. गोल टेबलं, हिरवे फुगे, खेळाडू सुटाबुटात अवघडलेले. वीणाला बसवलं होतं नीलच्या बायकोशेजारी, लोरेन तिचं नाव. बाई साधी आणि प्रेमळ होती. पलीकडे मारेक आणि नील. मारेक ग्लास डाव्या हाताने उचलत होता. आता तिला ते दिसत होतं. जानेवारीपासून तो डाव्या हाताने जेवत असणार, म्हणून ताट वर न्यायचा.

जेवणानंतर बक्षिसं. सर्वोत्तम खेळाडू, सर्वोत्तम गोलकीपर, आणि शेवटी थट्टेची बक्षिसं, जी त्या क्लबची परंपरा होती. ती द्यायला माइकवर गेले डॉक.

कमलाकर उत्तम इंग्रजी बोलत. हॉस्पिटलात त्यांच्या विनोदाला कोणी हसत नसे, इथे हसत. त्यांनी सोनेरी रंग मारलेला वॉशिंग पावडरचा खोका वर उचलला आणि हॉलमध्ये हशा पिकला. "या सीझनच्या सर्वांत घातक डिफेंडरसाठी," ते म्हणाले. "हिने एकटीने आपला सर्वांत मोठा फॉरवर्ड थांबवला, तोही साठ डिग्रीवर." लोक टेबलं बडवायला लागले. वीणा हसली. इतपत ती तयारी करून आली होती.

"पण एक गोष्ट तुम्हाला कोणालाच माहीत नाही," कमलाकर म्हणाले.

आणि त्यांनी ट्रेडमिल सांगितला. सलवार सांगितली, गुडघे सांगितले, तिच्या धापांची नक्कल केली. 'गजानना' म्हणून हात जोडून माइकसमोर जागच्या जागी चालून दाखवलं. बॅरी डोळे पुसत होता. जॅनेट मैत्रिणीच्या खांद्यावर कोसळली होती. आणि मारेक हसत होता, मान मागे टाकून, सगळ्यांइतकाच, डाव्या हाताने टेबल बडवत.

वीणा उठली, माइकपाशी गेली, खोका घेतला, थँक यू म्हणाली, खाली आली आणि खोका पायाशी ठेवून बसली. तिला आतून एकदम स्वच्छ वाटत होतं. राग असा कधी तिला आला नव्हता. थंडगार आणि बिनकष्टाचा.

लोरेनला तिची दया आली असावी. तिने तिच्या हातावर हात ठेवला. "पुरुष फार वाईट थट्टा करतात. मला सांग, पुढच्या वर्षी मारेक आमच्याकडेच राहणार आहे. पोरगा कसा आहे? काही सवयी, खाणंपिणं?"

मुलगी सासरी पाठवताना आई विहिणीला सांगते, तशा सुरात वीणा सांगायला लागली. आवाज जरासा मोठा, नीलपर्यंत पोचेल एवढा.

"गुणी आहे. वांगं खात नाही. स्वतःचा वाडगा स्वतः विसळतो. झोपताना गरम दूध लागतं, त्यात चिमूटभर हळद. सकाळी त्याला लवकर उठवू नका, चिडतो. आणि मॅचच्या आधी उजव्या मनगटात इंजेक्शन द्यावं लागतं, नाहीतर काठी धरता येत नाही. जानेवारीत हाड मोडलंय ना, जुळू दिलं नाही. डोस माझे मिस्टर सांगतील, तेच देत होते."

लोरेनचा हात तिच्या हातावर होता तसाच राहिला. तिने नवऱ्याकडे पाहिलं. नीलने ऐकलं होतं.

तो माणूस उगाच मॅनेजर झाला नव्हता. तो ओरडला नाही, काही विचारलं नाही. हसतच उठला, टेबलाला वळसा घालून मारेकपाशी गेला आणि हात पुढे केला. "अभिनंदन करायचं राहिलं, बेटा."

सगळ्यांच्या देखत मारेक काय करणार? त्याने उजवा हात दिला. नीलने तो धरला आणि दाबला. सोडला नाही. हसत हसत दाबत राहिला. आसपासच्या लोकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली; त्यांना वाटलं, करार झाला. मारेकच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं, ओठ पांढरे पडले, आणि मग त्याच्या तोंडून जो आवाज निघाला त्याने टाळ्या आपोआप थांबल्या. तो खुर्चीच्या पाठीला धरून खाली बसला.

"डॉक," नीलने माइककडे वळून, अगदी शांतपणे विचारलं, "याला तुम्ही काय टोचत होता?"

कमलाकरांच्या हातात अजून माइक होता. त्यातून त्यांचा नुसता श्वास सगळ्या हॉलला ऐकू येत होता. नील खिशातला काँट्रॅक्टचा लिफाफा चाचपून, कोट उचलून बाहेर पडला. लोरेन त्याच्या मागे गेली. बॅरी 'नील, नील, ऐकून तर घे' करत धावला. जॅनेट खाली मान घालून टेबलावरचा फुगा सोडवत बसली.

मारेक वीणाच्या समोर येऊन उभा राहिला, हात पोटाशी धरून, त्या रविवारी धरला होता तसा. डोळ्यांत पाणी होतं. "का, काकू?" त्याने विचारलं. "माझ्याकडे दुसरं काय आहे?"

तिला त्या क्षणी त्याची दया आली असती. ती येते का म्हणून तिने थोडी वाटही पाहिली. आली नाही.

"तू ताट वर न्यायचास," ती म्हणाली, "पण रोज रिकामं खाली यायचं. तुझ्या गोलांसाठी मी उपास धरायचे त्या दिवशीसुद्धा."

त्याला ते पूर्ण कळलं की नाही कोण जाणे. वेटर कस्टर्डच्या वाट्या घेऊन आला होता आणि कुठे ठेवाव्यात या विचारात उभा होता. वीणाने एक वाटी मारेकच्या जागेवर सरकवली, चमचा त्याच्या डाव्या बाजूला ठेवला.

"जेवून घे," ती म्हणाली, आणि आपली वाटी पुढे ओढून खायला लागली.